शिवेपलीकडचा ऐन

भाग्यश्रीने एका हाताने ऐनाची फांदी खाली ओढून धरली आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीचे झाकण दातांनी उघडले.

फांदीवर कोशाची पाखरे पाने खात होती. रेशमाचा कोश विणणाऱ्या या अळ्यांना जंगलात किडा म्हणत नसत, पाखरे म्हणत. चांगली बोटाएवढी झाली होती, हिरवी, तुकतुकीत. सुपात कोणी तांदूळ घोळावेत तसा त्यांच्या खाण्याचा आवाज सगळ्या झाडांवरून येत होता. तिने डबी पानावर उपडी केली. आतून एक काळे पडलेले, लिबलिबीत पाखरू घसरत बाहेर आले आणि जिवंत पाखराच्या शेजारी पडले. पानावर तपकिरी ओघळ उतरला.

डबी गवतात ठेवून तिने गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. एक फोटो काढला. मग थोडे जवळ जाऊन दुसरा.

तेवढ्यात रानाच्या दुसऱ्या टोकाकडून गुलेलीचा खडा पानांतून सणसणत गेला आणि बापाची आरोळी आली, "हाऽऽ हो!" लटारू कावळे हाकत होता. भाग्यश्रीच्या हातून फांदी सुटली आणि झटक्याने वर गेली. ते मेलेले पाखरू कुठे उडाले ते तिला दिसले नाही. ती वाकून, ओढणी सावरत, पळसाच्या झुडपांतून शिवेच्या दिशेने निघाली. मोह ओलांडल्यावर ती थांबली. झाकण अजून दातांतच होते. डबी मागे राहिली होती.

परत जाण्याची तिची हिंमत झाली नाही.

पळसटोल्याच्या ढिवरांचे ते कोशाचे रान. पाखरे झाडांवर चढवली की कोश उतरेपर्यंत शिवेवरच्या मोहापलीकडे बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही, असा नेम होता. पुरुष रानातच झोपडी करून राहत. दाढी करत नसत, केस कापत नसत, जमिनीवर निजत, आंघोळ केल्याशिवाय झाडाला हात लावत नसत. जन्म नदीत आणि तलावात गेलेली ही माणसे त्या दिवसांत मासोळीसुद्धा तोंडात घालत नसत. दुसऱ्या गावचे रान पाहून आलेल्या माणसालाही त्या हंगामात आत घेत नसत. का, ते कोणी विचारले नव्हते. बापाने पाळले म्हणून लेकाने पाळले.

भाग्यश्री नागपूरला शिकत होती. बीबीएचे तिसरे वर्ष, विषय आंतरराष्ट्रीय व्यापार. पळसटोल्यात तो शब्द नीट म्हणू शकणारे तिच्याशिवाय कोणी नव्हते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता: आपल्या भागातला एक माल निवडायचा आणि तो परदेशात कसा जाईल ते मांडायचे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी संत्री निवडली. सर म्हणाले, "सगळे संत्रीच विकणार का?" तेव्हा भाग्यश्री उठली आणि म्हणाली, कोसा, रानातले रेशीम. सरांनी तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावले, सगळ्यांना ऐकू जावे म्हणून.

सरांनीच सांगितले होते, परदेशातले गिऱ्हाईक आधी खराब माल पाहते. चांगल्याशेजारी वाईट ठेवून दाखवा, मग ते तुमचे ऐकेल. प्रकल्प पाहायला नागपूरचे एक निर्यातदार येणार होते आणि वर्गातल्या एकाला आपल्या कचेरीत घेणार होते. तो एक आपणच व्हावे, एवढेच तिच्या डोक्यात होते. नाहीतर परीक्षा झाली की गावी परत. वडशाचे पाहुणे माघात तिला पाहायला येणार, हे बापाने अर्धेमुर्धे कबूल करून ठेवले होते.

कॅमेरा नागपूरला तिच्याच खोलीत राहणाऱ्या निशातचा. निशातचे मामा मुश्ताकभाई कोशाचे व्यापारी. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच तिला मोटारसायकलवर नदीपलीकडच्या एका गावात नेले होते. तिथे तिला कोणी अडवले नाही. तिथले पीक गेलेच होते आणि रान राखायला कोणी उरले नव्हते. झाडाझाडावर पाखरे उलटी लटकत होती. वास इतका होता की मुश्ताकभाई गाडीपाशीच थांबले. भाग्यश्रीने नाकाला ओढणी लावली आणि खाली पडलेले एक पाखरू काडीने उचलून डबीत घातले.

*

संध्याकाळी ती आईबरोबर मोहाखाली गेली. गिरजाबाईने तांदळाचे गाठोडे दगडावर ठेवले आणि मागे सरून बसली. थोड्या वेळाने पलीकडून लटारू आला. दाढीने गाल झाकले होते. त्याने गाठोडे उचलले आणि तोही आपल्या बाजूला टेकला. मधे मोहाची सावली होती.

"आज का लिहिलं, बाई?" त्याने लेकीला विचारले. तो रोज विचारायचा.

"बँकेचं लिहिलं, बाबा. माल घेनारा तिकडं, देनारा इकडं. दोघानं एकमेकाचं तोंड पाह्यलं नाई. मंग मंधात बँक राहते."

"आन भांडन झालं त? कोनाच्या अंगनात जाऊन भांडतेत?"

गिरजाबाई हसली. "तुमी त मुश्ताकभाईच्या अंगनात भांडता."

"त्याचं अंगन मले ठाऊक हाय, म्हनून भांडतो. भांडून चहा बी तिथीच पेतो." लटारूने लेकीकडे पाहिले. "आनखी का लागते?"

"एक दाखला लागते. माल कुठून आला त्याचा."

"माल पाहून समजत नाई त्याईले?"

"नाई ना, बाबा. दाखलाच पायजे."

"आमाले त पान पाहून समजते कोनत्या झाडाचं हाय ते," लटारू म्हणाला. मग रानाकडे मान वळवून म्हणाला, "आज दुपारी कावळे बसलेच नाई. वरून वरून गेले."

"बरंच झालं ना मंग," गिरजाबाई म्हणाली.

"का जानं. पाखरं एवढी भरली आन कावळा बसत नाई. असं पाह्यलं नव्हतं."

तो गाठोडे सोडून मीठ आहे का पाहत होता. गिरजाबाईने लेकीच्या केसांकडे पाहिले, हात पुढे केला आणि वेणीत अडकलेले एक वाळके पान काढले. ऐनाचे होते. शिवेच्या अलीकडे ऐन नव्हता. अलीकडे सगळे पळस आणि मोह. गिरजाबाईने ते पान बोटांत धरून ठेवले, लेकीकडे पाहिले नाही. मग ते पदरात घेतले आणि उठली.

"चाल," ती म्हणाली. "चूल पेटवाची हाय."

*

आठवडा उलटायच्या आत बापूजी मोहापाशी येऊन उभे राहिले. कोसा करणाऱ्यांत ते सगळ्यांत वडील. त्यांनी टोल्याकडे तोंड करून हाक मारली नाही, नुसते उभे राहिले. बायका एकेक करून घरांतून बाहेर आल्या.

"पाखरं उलटी झाली," बापूजी म्हणाले.

सुरुवात लटारू राखत होता त्या बाजूने झाली होती. एका ऐनावरची पाखरे खायची थांबली. मग मागचे पाय फांदीला आणि डोके खाली, अशी लटकली. मग फुटली. दुसऱ्या दिवशी शेजारची झाडे. मग सगळी. वारा फिरला तसा वास टोल्यात आला. बायकांनी दारे लोटून घेतली. रानातून येणारा तो तांदूळ घोळल्यासारखा आवाज शिवेवरून ऐकू यायचा, तो बंद झाला होता. तो रोज ऐकू येत होता हे भाग्यश्रीला तेव्हा कळले.

तिसऱ्या प्रहरी मुश्ताकभाई आले. मोटारसायकल रस्त्यावरच ठेवून ते कडुलिंबाखाली उभे राहिले. आत आले नाहीत. भाग्यश्री पाणी घेऊन गेली.

"इथी बी?" त्यांनी विचारले.

तिने होकाराची मान हलवली.

मुश्ताकभाईंनी पाणी पिऊन तांब्या परत दिला. "बेटी, एक बात तुले सांगाची राहून गेली. आमी असं रान पाहून आलो का कपडे धुतल्याबिगर दुसऱ्या गावात पाय ठेवत नाई. माझे अब्बा बी ठेवत नव्हते." ते तिच्याकडे पाहत नव्हते. "तू घरी येऊन आंघोळ त केली होती ना?"

"केली होती."

ते खरे होते. कपडेही धुतले होते. डबी पिशवीत होती.

"मंग ठीक," मुश्ताकभाई म्हणाले. गाडीला किक मारताना त्यांचा पाय दोनदा घसरला.

भाग्यश्री घरात आली आणि तांब्या राखेने घासत बसली. तो स्वच्छ झाला तरी घासत राहिली. गिरजाबाई दारात उभी राहून पाहत होती.

"उद्या सकाळी शपथ हाय," ती म्हणाली. "मोहाखाली. घराघरातला मानूस ऐनाच्या पानावर हात ठेवन आन सांगन, माझ्या घरच्यानं काई केलं नाई. मान्सायचं झालं का बायकाईले बोलावनार हाय."

"आई..."

"मले सांगू नको," गिरजाबाई म्हणाली. "तू सांगतलं त मले समजन. मले समजलं त मले बी उद्या खोटं बोला लागन."

मग ती कोनाड्यापाशी गेली. तिने तांदळाचे गाठोडे बांधले. पाठमोरी होती, म्हणून भाग्यश्रीला तिचे हात दिसले नाहीत. आज घरात बस, असे म्हणून ती एकटीच मोहाकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

*

सकाळी सगळे मोहाखाली जमले. पुरुष पलीकडे, बायका अलीकडे. पुरुषांच्या दाढ्या वाढलेल्या, डोळे तांबारलेले. मधे दगडावर शेंदूर लावून त्यावर ऐनाचे एक पान ठेवले होते. हिरवे पान, त्याला काही झाले नव्हते.

"कोनाच्या घरी चूक झाली असन त आताच सांगा," बापूजी म्हणाले. "पान खोटं झेलत नाई. मांगच्या पिढीत एकाचं झेललं नाई, ते घर आज टोल्यात नाई. तुमाले ठाऊक हाय."

सोमारी नावाची म्हातारी बायकांच्या पुढे बसली होती. ती मागे वळून म्हणाली, "ठाऊक नाई कसं? त्या घराच्या जागी बोर उभी हाय. तिचे बोरं कोनी खात नाई."

बिरजूने हात ठेवला. त्याच्या भावाने ठेवला. प्रत्येक जण पुढे येताना बायकांमध्ये त्याच्या घरची बाई श्वास धरून बसायची. भाग्यश्री आईच्या मागे होती. ती तळहात ओढणीला पुसत होती. बायका आज ना उद्या तिच्याकडे वळणार होत्या. नागपूरहून आलेली, बारा गावचे पाणी प्यालेली, गळ्यात कॅमेरा अडकवणारी. आताच दोघी-तिघी तिच्याकडे पाहून नजर काढून घेत होत्या.

"लटारू कुठी हाय?" बापूजींनी विचारले.

सगळ्यांच्या माना वळल्या. मग पळसाच्या झुडपांतून लटारू आला.

त्याची दाढी नव्हती. मिशीही नव्हती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापले होते आणि रक्त सुकले होते. तोंडाचा वरचा भाग उन्हाने काळा आणि खालचा पांढुरका, जणू दोन माणसांचे तोंड एकाला लावले होते. बायकांमधून एक बारीक आवाज निघाला आणि थांबला.

लटारू दगडापाशी आला नाही. चार पावले मागेच उभा राहिला.

"मले पानावर हात ठेवाचा नाई, बापूजी," तो म्हणाला. "माझा नेम मोडला."

"कवा?"

 लटारूने तळहात गालावरून फिरवला, आपल्याच गालाची ओळख नसल्यासारखा.

"कवा मोडला, लटारू?"

"मोडला ना, बापूजी. आता कवाचं का करता? दिसून त राह्यलं."

बापूजी त्याच्याकडे पाहत राहिले. दाढी केल्याला एक रात्रही झाली नव्हती, हे जखमांवरून कोणालाही दिसत होते. पाखरे उलटी होऊन चार दिवस झाले होते. बापूजींच्या डोळ्यांना ते दिसले नसेल असे नाही. त्यांनी एकदा बायकांच्या बाजूला पाहिले. त्यांची नजर गिरजाबाईवर थांबली, मग तिच्या मागे गेली, मग परत आली.

ते वाकले आणि त्यांनी दगडावरचे पान उचलून घेतले.

"शपथ झाली," ते म्हणाले. "या हंगामापासून लटारूच्या हातात पाखरं द्याची नाई. त्याच्या लेकराईच्या बी हातात नाई. त्यानं मोहापलीकडं याचं नाई."

बिरजू खाली थुंकला. "सत्यानास केला ना, भाऊ," तो म्हणाला. "आख्ख्या टोल्याचा सत्यानास केला. गालाची एवढी खाज होती त मले सांगतलं असतं, दगडानं घासून देल्लो असतो."

 लटारू मान खाली घालून उभा होता. गिरजाबाईने पदर तोंडाला लावला नव्हता. ती सरळ बसली होती, तिला काही नवीन दिसले नव्हते.

घरी आल्यावर भाग्यश्रीने कोनाड्यात पाहिले. तिथे नेहमी असायचा तो आजोबांचा वस्तरा नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी बस लागायच्या जागी लटारू तिच्या आधीच येऊन बसला होता. लोक त्याच्यापासून दूर उभे होते. आरमोरीची बस यायला वेळ होता.

"कोर्स पुरा करजो," तो म्हणाला.

"बाबा, मी..."

"वडशाच्या पाहुन्याले मी नाई म्हनून सांगतो. ते बी आता येनार नाई म्हना, आपल्या घरी." तो थोडा हसला. दाढीशिवायचे ते हसू तिला ओळखू आले नाही. मग त्याने बंडीच्या खिशात हात घातला आणि मूठ पुढे केली. "हे तुझं राह्यलं होतं."

रोलची काळी डबी. झाकण नसलेली. राखेने आतून-बाहेरून घासून धुतलेली.

तिने ती घेतली. बस आली. लटारू तिची पिशवी वर चढवायला उठला, मग बाकीचे लोक पाहत आहेत हे पाहून थांबला आणि पिशवी तिच्याच हातात दिली.

"एकच गोठ आयक," तो म्हणाला. "कोनाले घेऊन इकडं येजो नको."

*

निर्यातदार साहेब पन्नाशीचे होते, बोलायला गोड. त्यांनी संत्र्यांचे सगळे प्रकल्प भराभर चाळले. भाग्यश्रीच्या प्रकल्पापाशी ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. ती समोर उभी राहून सांगत होती: कोशाची प्रत, बँकेची व्यवस्था, माल कुठला याचा दाखला. रीतिरिवाजाचे एक पानही तिने लिहिले होते, कारण परदेशातल्या गिऱ्हाइकाला अशी माहिती आवडते असे सर म्हणाले होते.

साहेबांनी फोटोवर बोट ठेवले. एकाच पानावर दोन पाखरे, एक हिरवे, एक काळे.

"चांगलं आणि वाईट शेजारी शेजारी. हे मला आवडलं," ते म्हणाले. "हे कोणाला सुचत नाही." मग त्यांनी मागचे पान उलटून पाहिले. "पण तुम्ही लिहिलंय की बायका त्या रानात जात नाहीत. मग हा फोटो कोणी काढला?"

 सर कौतुकाने तिच्याकडे पाहत होते.

"माझ्या बाबांनी," भाग्यश्री म्हणाली.

"वा! हात स्थिर आहे तुमच्या वडिलांचा." साहेबांनी फाईल बंद केली आणि सरांकडे वळले. "माझी निवड झाली. हीच मुलगी." मग पुन्हा तिच्याकडे. "पुढच्या हंगामात पहिलं काम हेच करू. गाडी घेऊन निघू. तुम्ही रस्ता दाखवायचा. एका दिवसात चार-पाच गावं उरकू. प्रत्येक रानात स्वतः उतरून पाहू, जिथला तिथला नमुना सोबत घेऊ. तुमच्या वडिलांनाही भेटू."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. निशात सगळ्यांत जोरात वाजवत होती.

साहेब उठले आणि अभिनंदन करायला त्यांनी हात पुढे केला. भाग्यश्रीने तो हात पाहिला, एका रानातून दुसऱ्या रानात जाणार होता तो. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. एका मुठीत काळी डबी होती, ती तिने घट्ट धरली.

साहेबांचा हात तसाच पुढे राहिला.